पाचट पेटवायचं आणि पेपर पसरायचा?

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात आमच्या रानात ढबू मिरचीसाठी बेड, म्हणजे गादीवाफे, पाडून त्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे जमीन झाकायचं पातळ प्लॅस्टिक, अंथरायचं काम चाललं होतं. दोघं जण बंडल ओढत पुढं जात होते, मागून दोघी कडा मातीनं दाबत येत होत्या. बांधापलीकडं चुलतभावाचा ऊस आठवड्यापूर्वीच कारखान्याला गेला होता. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, राखायचा म्हणून त्यानं त्याच संध्याकाळी पाचटाला, म्हणजे रानात पडलेल्या उसाच्या वाळल्या पाल्याला, काडी लावली. वारा आमच्या बाजूचा. तासाभरात त्याचं रान काळं पडलं आणि आमच्या नव्याकोऱ्या चंदेरी पेपरवर राखेचे पापुद्रे येऊन बसले.

तो जमिनीवरचं पांघरूण जाळत होता आणि मी पैसे मोजून जमिनीला पांघरूण घालत होतो. त्याला खर्च आला काडीपेटीचा. माझ्या खर्चातला निम्मा वाटा मात्र सरकार उचलू शकतं. फलोत्पादन अभियानातून प्लॅस्टिक आच्छादनाला ५० टक्के अनुदान आहे. बरीच वर्षं हेक्टरी ३२ हजार रुपये खर्च धरून १६ हजारांपर्यंत आणि एका शेतकऱ्याला २ हेक्टरांपर्यंत ते मिळत आलं. पाचट रानात राखणाऱ्याला मेळाव्यात शाबासकी मिळते, एखादं प्रात्यक्षिक मिळतं. माझं म्हणणं असं आहे की पेपरवरचं हे अनुदान आज ज्या पद्धतीनं दिलं जातं, ती पद्धत बदलायला हवी. कारण पेपर पिकाला जे देतो त्याचा हिशेब सगळे करतात. जमिनीतून तो काय घेतो आणि जमिनीत काय सोडून जातो, हे अनुदान देताना कुणी विचारत नाही.

मी स्वतः सात-आठ वर्षं पेपर वापरतो, आणि तो वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. भांगलायला, म्हणजे तण काढायला, बाया मिळवायच्या तर आदल्या आठवड्यात सांगून ठेवावं लागतं, आणि आल्या तरी मिरचीच्या एका प्लॉटला तीन-चार भांगलणी परवडत नाहीत. पेपरखाली तण उगवतं पण ऊन नसल्यानं मरून जातं. ड्रिपचं पाणी उडून न जाता मुळाशी राहतं. चंदेरी बाजूवरून परतणाऱ्या उजेडामुळं मावा, पांढरी माशी, फुलकिडे सुरुवातीला कमी उतरतात, म्हणून पानं आकसवणारा बोकड्या रोगही उशिरा येतो. मिरचीत पहिले चाळीस दिवस निभावले की अर्धी लढाई जिंकली. आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. नदीकाठच्या काळ्या जमिनींना पाणी जास्त झालं की मीठ फुटतं. उन्हानं पाणी वर ओढलं जातं, उडून जातं आणि क्षार वरच्या थरात राहतात. पेपर ही ओढ कमी करतो. क्षारपड रानात ज्यानं पेपरवर टोमॅटो उभा केला त्याला पेपर वाईट म्हणून सांगायला मी जाणार नाही.

पण पेपरखाली काय घडतं ते नीट समजून घेतलं पाहिजे.

जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) म्हणजे कुजलेली मुळं, पाला, शेण आणि मेलेल्या सूक्ष्मजीवांचे अवशेष यांचा साठा. चमचाभर जित्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाते. त्यांचं सगळं जगणं या साठ्यावर. ते कर्ब खातात, त्यातला बराचसा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड म्हणून सोडतात आणि खाता खाता पिकासाठी नत्र मोकळं करतात. त्यांच्या खाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: ऊब आणि ओल. ढोबळ मानानं तापमान १० अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग दुप्पट होतो. पेपर नेमक्या याच दोन गोष्टी पुरवतो. पेपरखालची माती उघड्या मातीपेक्षा बहुधा काही अंशांनी गरम राहते. काळ्या पेपरखाली जास्त, चंदेरी वर ठेवली तर कमी. ओल तर दिवसरात्र सारखी. म्हणजे सूक्ष्मजीवांना बारा महिने आषाढ-श्रावण.

म्हणूनच पेपरवरच्या पिकाला जी काळोखी येते, ती नुसती आपण सोडलेल्या खताची नसते. काही वाटा जमिनीनं आपल्या कणगीतून काढून दिलेला असतो. शिवाय जोमदार पिकाची मुळं साखरेसारखे ताजे पदार्थ मातीत सोडतात. ते मिळाले की सूक्ष्मजीव अंगात बळ आल्यासारखे जुन्या, मुरलेल्या कर्बालाही हात घालतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षी मातीची तपासणी केली तर सूक्ष्मजीवांची संख्या, त्यांची हालचाल वाढलेली दिसू शकते, आणि पेपरनं जमीन जिवंत केली असं वाटू शकतं. पंगतीला गर्दी झाली म्हणजे कोठार भरलं असं नव्हे.

याची दुसरी बाजूही खरी आहे. पीक मोठं झालं की मुळंही जास्त होतात आणि ती कुजून कर्ब परत येतो. त्यामुळं जगभरच्या प्रयोगांत निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. काही ठिकाणी पेपरखाली कर्ब टिकला, काही ठिकाणी थोडा वाढलाही, काही ठिकाणी घटला. फरक पडतो तो मुख्यतः परतफेडीनं. जिथं पिकाचा भुसा, धाटं, शेणखत रानात परत गेलं तिथं हिशेब जुळला. जिथं सगळं उचलून नेलं तिथं घट आली. आता आपल्या भाजीपाल्याचं बघा. मिरची-टोमॅटोचा प्लॉट संपला की रोग पसरू नये म्हणून आपण झाडं मुळासकट उपटतो, तार-सुतळीतून सोडवतो, बांधावर टाकतो नाहीतर जाळतो. पेपर अंथरला की वरून शेणखत विस्कटता येत नाही. बेड भरताना जे टाकलं तेच. आणि बेड भरताना किती टाकतो? घरटी गोठ्यातली जनावरं कमी झाली तसं शेणखत ट्रॉलीच्या भावानं विकत घ्यावं लागतं, आणि जिथं चार ट्रॉल्या पडायच्या तिथं एक पडते.

यात आणखी एक कडी आहे, तिच्याकडं फारसं लक्ष जात नाही. पेपर ताणून बसायला बेड भुसभुशीत आणि बिनढेकळाचा लागतो, नाहीतर पेपर फाटतो, खाली हवेच्या पोकळ्या राहतात. म्हणून रोटाव्हेटर एकदा नव्हे, दोनदा-तीनदा फिरतो. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवण्याचं काम बुरशीचे धागे आणि सूक्ष्मजीवांचा चिकटा करतात. त्या कणांच्या पोटात कर्ब सुरक्षित राहतो. रोटाव्हेटर धागे तोडतो, कण फोडतो आणि आतला कर्ब जिवाणूंच्या पानात वाढतो. लगेच वरून पेपर: ऊब, ओल, ड्रिपमधून नत्र. आमच्या पेपरच्या प्लॉटची माती पूर्वीसारखी राहिली नाही. ओली असताना लोणी, वाळली की पापडी. माती परीक्षणात कर्बही आधीच्या अहवालापेक्षा खाली आला. एका प्लॉटावरून सिद्ध काहीच होत नाही, आणि दोष एकट्या पेपरचा आहे असं मी म्हणतही नाही. रोटाव्हेटर, तोकडं शेणखत, उपटलेली झाडं आणि पेपर हे सगळं एकाच पॅकेजमध्ये येतं. अनुदान मात्र त्यातल्या पेपरलाच.

या बाबतीत चीनचा अनुभव आपल्यापुढं आहे. तिथं १९७८ च्या सुमारास जपानकडून हे तंत्र आलं. उत्तर आणि वायव्य चीनच्या कोरड्या, थंड मुलखात त्यानं खरोखर चमत्कार केला. जिथं वसंतात जमीन तापायला उशीर व्हायचा तिथं पेपरनं मका आणि कापूस लवकर उगवला. आज दीड कोटी हेक्टरांहून जास्त रान पेपरखाली आहे. पण पेपर इतका पातळ, ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही कमी, की हंगामाअखेर तो गोळाच होत नव्हता. चिंध्या मातीत गाडल्या गेल्या, वर्षानुवर्षं साचल्या, आणि लोक त्याला ‘पांढरं प्रदूषण’ म्हणू लागले. मुळांची वाट अडली, पाण्याची झिरप बिघडली. तिथल्या अभ्यासांतून असं दिसलं की हेक्टरी सुमारे २४० किलोंच्या वर चिंध्या साचल्या की उत्पादन घटू लागतं. शेवटी २०१८ पासून जाडीची किमान मर्यादा १० मायक्रॉनवर नेणं भाग पडलं.

आपला पेपर साधारण २५ ते ३० मायक्रॉनचा, तो त्या मानानं बराच जाड. म्हणून आपण निर्धास्त असतो. जरा हिशेब मांडू. पाच फुटांवर बेड आणि चार फुटी पेपर धरला तर एकराला ४०० मीटरची साडेसहा-सात बंडलं लागतात. २५ मायक्रॉनचं असं एक बंडल ११ किलोंच्या आसपास भरतं, म्हणजे एकरी ७० किलोंहून थोडं जास्त प्लॅस्टिक. आठ-नऊ महिने ऊन खाल्लेला पेपर काढताना ज्यानं हात घातलाय त्याला ठाऊक आहे, मधला भाग निघतो आणि मातीत दाबलेल्या कडा हातात तुटतात. समजा दहातला एकच भाग रानात राहिला आणि वर्षाला एकदाच पेपर घातला. एकरी ७ किलो, हेक्टरी साडेसतरा. १४ वर्षांत आपण २४० किलोंवर पोहोचतो. वर्षाला दोन पेपर घालणारे आणि पाचात एक भाग सोडणारे त्याच्या कितीतरी आधी. माझ्या मुलाच्या हाती रान जाईल तोवर हे झालेलं असेल.

आणि चिंधी चिंधी राहत नाही. ऊन, औत आणि रोटाव्हेटर तिचे तुकडे करत जातात, दिसत नाहीत इतके बारीक. पॉलिथिन कुजत नाही म्हटलं तरी चालेल इतकं ते सावकाश झिजतं. या कणांवर काही वेगळेच जिवाणू वस्ती करतात, गांडुळं कण गिळून खोल नेतात. यानं मातीतला सूक्ष्मजीवांचा मेळ कसा आणि किती बदलतो यावर अजून वाद आहेत, पण एकदा गेलेले कण चाळून काढता येत नाहीत याबद्दल वाद नाही. त्यात एक फसवी गोष्ट आहे. पॉलिथिनच्या वजनातला ८५ टक्के भाग कर्बच असतो. माती यंत्रात जाळून एकूण कर्ब मोजायच्या पद्धतीत हा प्लॅस्टिकचा कर्बही मातीच्या खात्यावर जमा धरला जातो. तो कुठल्या जिवाणूचं पोट भरत नाही, कुठला कण धरून ठेवत नाही, पण आकड्यात दिसतो.

गोळा केलेल्या पेपरचं तरी काय होतं? माती चिकटलेली असते, भंगारवाला हात लावत नाही. मग बांधावर ढीग, नाहीतर संध्याकाळी काडी. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठावर आणखी एक वाट आहे. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ ला तेच झालं. पूर ओसरल्यावर बाभळींवर माणूसभर उंचीला पेपरच्या चिंध्या लोंबत होत्या. तेवढ्या वर राहिल्या, बाकीच्या कुठं गेल्या हे सांगायला नको.

इथं एक विसंगती मला फार खुपते. बाजारातल्या कॅरीबॅगला ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉनची अट आहे. कारण हेच की पातळ पिशवी गोळा होत नाही, फाटून सगळीकडं पसरते. मंडईतला भाजीवाला पातळ पिशवीत ढबू घालून दिली की दंडाला पात्र. तीच ढबू ज्या मातीत पिकली तिथं २५ मायक्रॉनचा पेपर चालतो आणि त्याला अनुदानही मिळतं. १२० मायक्रॉनचा पेपर कुणाला परवडणार नाही, मान्य. पण मग ‘गोळा झालाच पाहिजे’ ही अट तरी हवी की नको?

आता पाचटाकडं येतो. कोल्हापूर हा उसाचा जिल्हा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात जवळपास तिसरा हिस्सा कर्ब. म्हणजे एकरी टनाहून जास्त कर्ब आपण काडीनं हवेत सोडतो, सोबत नत्रही. राखेत पालाश उरतो तेवढाच. हा आकडा किती मोठा आहे हे कळायला उलटा हिशेब करून बघावा. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटाच्या मातीचं वजन आठ लाख किलोंच्या आसपास. त्यातला कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकावा लागतो. आणि टाकलेल्यातला बराच भाग सूक्ष्मजीव खाऊन सोडून देतात, मागं थोडाच मुरतो. म्हणून दरवर्षी पाचट राखलं तरी ०.१ टक्का वाढायला काही वर्षं जातात. मातीच्या अहवालात ०.५ च्या खाली आकडा आला की जमीन ‘कमी’ कर्बाची. त्या रेषेच्या खाली घसरणं सोपं, वर येणं एका पिढीचं काम.

शिवाय पेपर आणि पाचट जमिनीला सारखंच वागवत नाहीत. चीनच्या थंड मुलखाला ऊब हवी होती. एप्रिल-मेमध्ये आपल्या रानाला ऊब कशाला? आपल्याला तण अडवायचंय आणि पाणी राखायचंय. पाचट दोन्ही करतं आणि जमीन थंड ठेवतं, म्हणजे कणगीही सावकाश रिकामी होते. जूनच्या वळवात पेपरवरून पाणी सरळ सरीत घसरतं आणि सरीतली माती घेऊन ओढ्याला जातं. पाचट तेच पाणी जिरवतं. आणि खालून ते कुजत जातं, म्हणजे ज्याचं पांघरूण तेच अन्न.

पाचटाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. उंदीर होतात, पावसाळ्यात गोगलगाई होतात. कच्चं पाचट कुजताना सुरुवातीला जिवाणूच पिकाच्या वाटणीचं नत्र ओढतात, म्हणून युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकावं लागतं. फुलकिडे परतवण्याची चमक पाचटात नाही. उसाच्या रानातून भाजीच्या रानात ते आणायला माणसं लागतात आणि माणसांचीच टंचाई आहे. म्हणून ढबू मिरचीत पेपर सोडा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः सोडलेला नाही. पण दोन बेडच्या मधल्या पट्ट्यात, जिथं आज आपण तणनाशक मारतो, तिथं पाचट बसतं. वांगी, केळी, पपई, आलं यांत पेपरची गरज किती आणि सवय किती, हे तपासायला हवं. आणि खोडव्यात तर पाचट जाळायला कारण उरलेलंच नाही. कुट्टी करणारं यंत्र गावात असेल तर.

ते यंत्र गावात का नाही, हाच प्रश्न सरकारला विचारायचा आहे. पेपरचं अनुदान बंद करू नका, त्याला अटी लावा. पावती दाखवली की अनुदान, हे थांबवून अर्धी रक्कम पेपर परत केल्यावर द्या. घातलेल्या वजनाच्या जवळपास तेवढाच परत आला पाहिजे, आणि तो घेणारं केंद्र बाजार समितीच्या आवारात किंवा विकास सोसायटीच्या गोदामात हवं, पंचवीस किलोमीटरवर नव्हे. त्याच क्षेत्रात शेणखत, हिरवळीचं खत किंवा पाचट गेल्याची नोंद मागा. उरलेल्या पैशातून पाचट कुट्टीचं यंत्र भाड्यानं द्या. मृदा आरोग्य पत्रिकेवर २०१५ पासून १२ घटक आहेत, सेंद्रिय कर्ब त्यातला एक. अनुदान घेतलेल्या प्रत्येक प्लॉटचा कर्ब पहिल्या आणि चौथ्या वर्षी मोजा आणि आकडे गावात लावा. कोल्हापुरात ऊस-गूळ संशोधन केंद्र आहे, कृषी महाविद्यालय आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. आपल्याच काळ्या रानात, ढबूच्या पिकात, पेपर आणि पाचट शेजारी शेजारी ठेवून दहा वर्षं मोजत राहायला याहून सोयीची जागा कुठली? चीनच्या थंडीतले आकडे आपण किती दिवस उसने वापरणार?

कुजणारे पेपरही आता येत आहेत. त्यांच्याबद्दल एकच सावधगिरी. ‘कुजतो’ आणि ‘तुटतो’ यात फरक आहे. रसायन मिसळून उन्हात लवकर भुगा होणारं साधं प्लॅस्टिक हे कुजणारं नव्हे. त्यानं चिंधी वेचायची सोयही जाते. युरोपनं तसल्या प्लॅस्टिकवर बंदी घातली आहे, आणि खऱ्या कुजणाऱ्या पेपरसाठी दोन वर्षांत मातीत ९० टक्के कुजला पाहिजे अशी कसोटी लावली आहे. आपल्या दुकानात बंडल घेताना अशी कसोटी विचारायची सोय झाली पाहिजे. तोवर नुसत्या हिरव्या लेबलवर मी विश्वास ठेवणार नाही.

चुलतभावाशी त्या संध्याकाळी बोलणं झालं. पुढच्या साली खोडवा गेला की पाचट पेटवू नको, मला दे, म्हटलं. तो म्हणाला, ‘‘न्हे की, पण गोळा तुलाच करावं लागंल.’’ ठरलं. बेडच्या मधल्या पट्ट्यांत घालायचं. यंदा अंथरलेल्या प्रत्येक बंडलाचं वजन वहीत लिहून ठेवलंय. काढताना माती झटकून, कॅनॉलला न धुता घरच्या हौदावर धुऊन, वाळवून पुन्हा वजन करायचं आहे.